मोटारीचा सालदार

कपाशी फुटली की आमच्याकडच्या रस्त्यांवरच्या बाभळी पांढऱ्या होतात. बैलगाड्यांतून, मोटारींतून उडालेला कापूस काट्यांना अडकून राहतो. परमुलखातला कोणी पाहुणा आला तर त्याला वाटावं, इथं बाभळीलाच कापूस लागतो आणि तो वेचायला मजुरी द्यावी लागत नाही. तसं खरंच असतं तर आमच्या मालक लोकांना केवढं बरं वाटलं असतं!

परवा नंदुरबारच्या स्टेशनाबाहेर पत्रकं वाटत उभा होतो. मोटार चालवणाऱ्यांना दरमहा पगार मिळालाच पाहिजे, लायसन ज्याचं त्याच्या खिशात राहिलंच पाहिजे, असं ते पत्रक. शब्द माझेच. मी लिहायला शिकलो तो पत्रकांवरच. तिथं विशेषणं परवडत नाहीत, शाई महाग असते. कापसाच्या गठाणींनी भरलेली एक लारी येऊन थांबली. वरून एक पोरगेलासा ड्रायव्हर उतरला. मिसरूड नुकतं फुटलेलं, कानावर विडी, पायांत करकरीत नवा जोडा. मी पत्रक पुढं केलं. त्यानं ते घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बैठकीवरची घोंगडी ओढून माझ्यापुढं धरली.

"देखा नं भाऊ, मालकनी दिधी. नवी शे. हात लाई देखा."

मी हात लावला. घोंगडी चांगली होती, ऊबदार, लोकरीचा वास येत होता. जोडा, घोंगडी आणि आखाजीपर्यंतचं धान्य. त्यानं न सांगताच मला पुढचं सगळं कळलं. त्याला वाटत होतं, मालक खूश आहे म्हणून घोंगडी मिळाली. त्याला सांगायला तोंड उघडलं आणि कोळशाचा वास आला. स्टेशनात कोणाची तरी शेगडी पेटत होती, एवढंच. पण माझ्यापुढं ती लढाईतली वर्षं उभी राहिली आणि मी बोलू शकलो नाही. म्हणून हे लिहितो आहे. भाषण करणारा माणूस गप्प बसला, की त्यानं निदान लिहावं.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल चिठ्ठीवर मिळे, म्हणजे बहुधा मिळत नसे. मग मोटारी कोळशावर चालू लागल्या. ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांना खरं वाटणार नाही. बैठकीच्या मागं माणसाएवढा लोखंडी पिंप. त्यात वरून अक्कलकुव्याकडच्या जंगलातला लाकडी कोळसा ओतायचा, खालून विस्तव घालायचा आणि बाजूचा पंखा हातानं फिरवत बसायचं. आधी दाट पांढरा धूर येतो. मग तो पातळ होतो. मग नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरायची. निळी ज्योत धरली तर गॅस तयार झाला, नाही तर पुन्हा पंखा. एवढं झाल्यावर पुढं जाऊन दांड्यानं इंजिन फिरवायचं. ते आठ वेळा शिव्या देतं आणि नवव्या वेळी उपकार केल्यासारखं सुरू होतं.

त्या गॅसला वास म्हणावा तसा नसतो. जो येतो तो कोळशाचा, डांबराचा, जळक्या लोखंडाचा. गॅस नुसता डोक्यात शिरतो. दुपारपर्यंत कानशिलं ठणकायला लागायची, समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायचा. सगळे म्हणायचे, गूळ खा. आम्ही गूळ खायचो. डोकं दुखतच राहायचं, पण तोंड गोड व्हायचं. संध्याकाळी थुंकलो तर काळं.

पंखा मारायला माझ्याबरोबर दगा आबा होता. साठीला टेकलेला, वाळक्या शेंगेसारखा. मूळचा गाडीवान, स्वतःचे दोन बैल असलेला. शहाद्याहून नंदुरबारला कापूस न्यायचा. मोटारी आल्या, भाडी गेली, बैल विकले आणि आबा त्याच रस्त्यावर मोटारीचा पंखा मारायला लागला. पंखा मारताना तो मोटारीशी भांडायचा, जशी जुनी माणसं घरातल्या सुनेशी भांडतात.

"मन्हा बैल चारा खायेत, बठ्ठं शेत सोनं करेत. हाई भवानी कोयसा खास आनी राख हागस!"

दिवाळीनंतर तापीचं पाणी ओसरलं की प्रकाश्यापाशी पात्रात रस्ता करायचे. वाळूवर तुराट्या आणि झाऊची झुडपं अंथरायची, त्यावर माती. भरली लारी त्यावरून डुलत डुलत निघायची आणि चाकांखाली तुराट्या कडकड मोडायच्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पाय घसरलेल्या माणसाची हाडं मोडावीत तसा. पात्रातून अलीकडच्या, नंदुरबारकडच्या काठावर चढायला उभी दरड होती. पेट्रोलच्या मोटारी ती गुरगुरत चढायच्या. कोळशाच्या गाडीच्या अंगात तेवढा जीवच नसायचा. म्हणून काठावर बैल थांबलेले असत. दोन जोड्या लारीपुढं जुंपायच्या, आबानं मागून चाकाला दगड लावत यायचं, मी आत बसून सुकाणू धरायचं, आणि ही विसाव्या शतकाची स्वारी बैलांच्या मागून रांगत वर चढायची.

बैलवाले रोज तीच थट्टा करत आणि रोज हसत. "काय आबा, बैल ईकी टाकात नं? आते बैलच तुन्ही मोटर वढी ऱ्हायनात!"

"वढू दे रे," आबा खालून ओरडायचा. "मन्ही मोटर रस्तामा शेन तं नही टाकत!"

मी पण हसायचो. हसू नये तर काय करावं? त्या बैलांचं भाडं माझ्या हिशोबातून कापलं जात होतं. गाडी चढत नाही हा ड्रायव्हरचा दोष, असं मालकाचं म्हणणं.

मालकांना सगळे नाना म्हणत. केळीचे बागाईतदार, कापसाच्या जीनमध्ये भागीदारी, दोन लाऱ्या. कोणी परका जुलमी नव्हे. आमच्याच भाऊबंदकीतले, लग्नाकार्यात पहिल्या पंगतीला बसणारे. माझ्या वडिलांना खांदा दिलेला माणूस. बेचाळीसच्या धामधुमीत पत्रकं वाटताना मी सापडलो आणि काही महिने आत जाऊन आलो. सुटल्यावर धुळ्यात एका मोटारवाल्याकडे पान्हे उचलत गाडी शिकलो, परीक्षा देऊन लायसन मिळवलं, आणि म्हसावदला घरी येऊन बसलो. कोणी कामाला ठेवेना. पोलीस येऊन विचारून जातील ही भीती. चुलत्यांनी तर बोलणंच टाकलं होतं. दिवाळीच्या तोंडावर नानांनी बोलावलं.

"तू जेलमा जायेल माणूस. तुले कोन उभं करी? मी करस. काबर, तू मन्हा घरना शे."

मी विचारलं, "पगार महिन्याचा किती?"

नाना हसले. ओसरीवर बसलेले बाकीचेही हसले. "महिना सरकारना. आपला साल. आखाजीलोंग."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात शेतावरच्या गड्याचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं आणि त्याच दिवशी संपतं. वर्षभर राबायचं, पोटापुरतं धान्य, एक जोडा, एक घोंगडी घ्यायची, आणि उरलेली रक्कम आखाजीला एकदम. मधे साल मोडलं तर काहीच नाही. याला सालदार म्हणतात. बापजाद्यांपासून चाललेली रीत; नांगराबरोबर आलेली. इंजिन विलायतेहून आलं, रबर कुठल्या बेटावरून आलं, लोखंड कुठून आलं कोण जाणे. त्या सगळ्यावर नानांनी नांगराची रीत बसवली, जशी घोड्यावर बैलाची झूल घालावी. आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या आईलाही नाही. तिला तर आनंदच झाला. पोरगा चांगल्या घरी साल धरतो आहे म्हणून तिनं मारुतीला दिवा लावला.

मग नाना म्हणाले, "लायसन मन्हाजोडे राहू दे. तुन्हा घरमा उंदीर शेतस. खाई जातीन."

लायसन तिजोरीत गेलं. त्याच्यावरचा माझा फोटो तिजोरीतून बाहेर कसा बघत असेल, असं मला पुढं कधी कधी गाडी चालवताना वाटायचं. दुसऱ्या कोणाकडे काम मागावं तर पहिला प्रश्न लायसनचा. शेतातला सालदार निदान रात्री पळून जाऊ शकतो. त्याचे हात त्याच्याबरोबर जातात. माझे हात तिजोरीत होते.

आता खरी गोष्ट.

माझी धाकटी बहीण केसर. तिचं सासर त्याच रस्त्यावर, तापीच्या अलीकडच्या काठाला, दरडीच्या वरच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही; तिच्या सासूला वाचता येत नाही, पण सासऱ्याला येतं. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि ती पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी ही तर जगाची रीत. पण तिच्या बाबतीत नुसती रीत नव्हती. त्या घरात केसरच्या मोठ्या जावेला दोन वर्षांपूर्वी सासरीच ठेवलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत ती नदीवरून पाणी वाहत होती. दरडीवर हंड्यासकट पडली. सुईणीला निरोप गेला तो उशिरा, कारण सासूच्या मते एवढ्यात घाई कसली. बाई गेली, मूल गेलं, आणि तोच हंडा आता केसरच्या डोक्यावर होता.

मी रोज त्या गावावरून जायचो आणि थांबू शकत नव्हतो. कोळशाची गाडी टांग्यासारखी थांबवता येत नाही. थांबली की विस्तव मंदावतो, गॅस तुटतो, पुन्हा पंखा, पुन्हा काडी, पुन्हा दांडा. आणि उशीर झाला की आगगाडीच्या डब्यात माल चढायचा राहतो आणि तो दंड कोणाच्या हिशोबात जातो हे सांगायला नको. म्हणून मी नुसता भोंगा वाजवायचो. केसर शेताच्या बांधावर, नाही तर उकिरड्यापाशी उभी असायची. हात वर करायची. धुळीत मला तिचा हात तेवढा दिसायचा. सख्खी बहीण कोसभर अंतरावर नाही, हाताच्या अंतरावर. आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे रबरी भोंगा दाबायचा.

तिनंच त्यावर उपाय काढला. लारी दरडीवर बैलांच्या मागून चढते तेव्हा माणसाच्या चालीनं चढते, हे तिनं हेरलं. ती पाण्याला येण्याची वेळ साधू लागली. मग ती डोक्यावर भरला हंडा घेऊन माझ्या खिडकीशेजारून चालायची आणि आम्ही बोलायचो. खालून दरडीच्या माथ्यापर्यंत, तेवढंच. बैलवाले ओरडताहेत, आबा चाकाला दगड लावतो आहे, इंजिन धापा टाकतं आहे, आणि बाजूनं केसरही धापा टाकत चालते आहे. दोन्ही धापा मला एकाच वेळी ऐकू यायच्या. एकीला बैल लावले होते.

"खाल्लंस का?" मी विचारायचो.

"तू काया व्हई गया भाऊ. आरसामा देखं का?"

"घरमा आरसा तू लई गयी."

ती हसायची, हंडा हिंदकळायचा, पाणी तिच्या खांद्यावरून ओघळायचं. माघाच्या थंडीत ते पाणी बघून माझ्याच अंगावर काटा यायचा. एके दिवशी ती हसली नाही.

"भाऊ, कवय येशी माले लेवाले? सातवा सरी ऱ्हायना. आठव्यामा धाडतस नही."

"मामंजी काय म्हणतात?"

"म्हनतस, भाऊनी सोता यावं, गाडीबैल लईसन यावं, तं धाडसूत. बाईमाणूसना संगे नही." म्हणजे आई गेली तर चालणार नव्हतं. पुरुष पाहिजे, आणि घरात पुरुष मी एकटा.

"आनी आत्याबाई?"

"आत्याबाई म्हनस, आम्हीबी आठे सासरमाच बायंत व्हयनूत, मरनूत का?" केसर थांबली. लारी पुढं सरकली म्हणून तिला दोन पावलं धावावं लागलं. "भाऊ, ज्या मरन्यात त्या कशा सांगतीन?"

दरड संपली. बैल सुटले. गाडीनं वेग घेतला. त्या प्रश्नाला मी भोंगा वाजवून उत्तर दिलं.

त्याच संध्याकाळी नानांच्या ओसरीवर गेलो. पत्रकात मी सरकारला खडसावून प्रश्न विचारलेले होते. इथं मात्र जोडा काढून उभा राहिलो. दोन दिवस सुट्टी मागितली. बहिणीला आणायचं, एवढंच.

"दोन दिन?" नाना पान लावत होते. "आनी गठाना कोन लई जाई? सालदारले आखाजीना आगे सुट्टी नही रहास. गाडीले सुट्टी शे का?"

"मी गाडी नही, नाना."

"मंग कोन शे?" ते रागावले नव्हते, खरंच समजावून सांगत होते. "तुन्हाबिगर ती चालस नही, तिन्हाबिगर तुले कोनी इचारस नही. आखाजी होऊ दे. मी सोता मन्ही दमनी दिसू बहीनले आनाले."

त्यांची ती दमणी, रंगीत छताची, घुंगरांची बैलगाडी. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण फार मोठं काही देऊ केलं. आणि आखाजी तिला नववा सरताना येत होती. मालकाचं साल आखाजीला पिकतं म्हणून पोटातलं पोर थांबणार आहे का? कुठल्या पंचांगात लिहिलं आहे? घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, नाना एवढं म्हणतात तर आपणच धीर धरावा. आणि मग रात्रभर तिच्या कुशी बदलण्याचा आवाज येत राहिला.

निघून का गेलो नाही, असं आजची पोरं विचारतात. सभेत टाळ्या वाजवणारी पोरं. निघून गेलो असतो तर दिवाळीपासूनची सगळी मेहनत बुडाली असती, लायसन तिजोरीत राहिलं असतं, आणि बहिणीला आणून तिच्या तोंडात काय घातलं असतं? बाळंतिणीला तूप लागतं, डिंक लागतो, सुईणीला लुगडं लागतं. म्हणून दोन दिवसांची वाट बघत मी रोज तिच्या दारावरून जात राहिलो.

फाल्गुन गेला. पळस फुलून झडले. चैत्राचं ऊन असं पडलं की पिंपाजवळ बसणं म्हणजे चितेजवळ बसणं. नदीचं पात्र आक्रसलं, तुराट्यांचा रस्ता लांब झाला. म्हसावदकडच्या शेतांत कपाशी उपटून झाली, गठाणींचे ढीग मात्र जीनमधून संपत नव्हते. डोळ्यांच्या कडा सोलवटल्या होत्या. आणि केसर दिसेनाशी झाली. बांधावर नाही, दरडीवर नाही. मी भोंगा वाजवायचो, लांब, आणखी लांब. बैलवाला एकदा म्हणाला, "कोनले बलावस भो? तठे कोनी नही शे." आबाही दरडीवर चढताना माझ्या खिडकीच्या बाजूला बघायचा, मग दगड लावायचा.

ते दिवस मी कसे काढले ते मला लिहिता येत नाही. एवढं सांगतो, की माणूस निराश झाला म्हणजे रडतो वगैरे, हे खोटं आहे. तो गाडी चालवतो. वळण आलं की वळतो. खड्डा आला की पाय बरोबर ब्रेकवर पडतो. मालकाला याहून अधिक काय हवं असतं?

नंदुरबारहून रिकामी गाडी घेऊन परतत होतो. दुपार टळली होती. गावाजवळ आलो तर रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी. कडेला नव्हे, मधोमध. काखेत गाठोडं, अंगभर पदर, पोट पुढं. मी ब्रेक दाबला. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. धूळ खाली बसली तेव्हा केसरचा चेहरा दिसला. पाय सुजून जोड्यात मावत नव्हते. जोडे हातात होते.

"आत्याबाई वावरमा गई," ती म्हणाली. "काही बोलू नको. चालव."

मी आबाकडे पाहिलं. लारीत माणूस बसवायचा नाही हा नानांचा सक्त नियम. त्यात सासरहून अशी, न सांगता, न पाठवता आलेली सून. साठी गाठलेल्या माणसाला याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळत होता. आबा खाली उतरला, बैठकीवरची माझी घोंगडी झटकली, चौपदरी करून पसरली.

"बठ पोरी. परदा उघडा ठेव, धूर डोकामा जास. मी मांगे पंखाजोडे बसस." आणि पंखा मारायला लागल्यावर तो पिंपाला म्हणाला, "ए भवानी, आज तरी अब्रू राख. आपली पोर शे."

निळी ज्योत पहिल्या काडीला धरली. तसं कधी झालं नव्हतं.

तापी ओलांडली; शहाद्याला जीनपाशी गाडी वळवायची होती. गठाणी वाट बघत होत्या. मी वळवली नाही. सरळ म्हसावदचा रस्ता धरला. केसर दोन्ही हातांनी फळी धरून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटायची, पण हूं की चूं नाही. मध्येच म्हणाली, "मोटरमा पहिल्यांदाच बठनू." थोड्या वेळानं म्हणाली, "बरी शे." गावाच्या शिवेवर कोळसा संपला. गाडी हळूहळू थांबली आणि केसर उतरून उरलेलं चालत गेली. आई दारात होती. तिनं केसरला पाहिलं, मला पाहिलं, मागं बघितलं. कोणी आणून सोडणारं माणूस, बैलगाडी, काही नाही. तिला सगळं समजलं आणि तिनं चुलीवर पाणी ठेवलं.

लारी त्या रात्री शिवेवरच राहिली. नानांचा माणूस दुसऱ्या सकाळी कोळसा घेऊन आला. मला वाटलं नाना हाकलतील. नाही हाकललं. दुसरा ड्रायव्हर कुठं होता? "चालव," म्हणाले. "आखाजीले देखू." मी चालवत राहिलो. केसर सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. सोपं नाही गेलं; सुईण आमच्या शेजारचीच, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तिच्या पायथ्याशी बसून होती आणि शेवटी बाहेर येऊन म्हणाली, ही पोर तिथं असती तर गेली होती. मी तेव्हा घरी नव्हतो. तापीच्या पात्रात होतो. सासरी निरोप पाठवला. सासऱ्यानं निरोप्याच्या तोंडीच उत्तर धाडलं: "आपली आपन गई, आपली आपन राहू द्या." बारशाला कोणी आलं नाही.

आखाजीला गावोगाव लेकी माहेरी आलेल्या असतात. झाडाझाडाला झोके, गौराईची गाणी, खापरावर मांडे भाजल्याचा वास, पारावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव. मी त्या सगळ्यामधून नानांच्या ओसरीवर गेलो. शेतावरचे सालदार आधीच ओळीनं बसले होते. एकेकाचं नाव पुकारलं जायचं. नाना हिशोब सांगायचे, रक्कम हातावर ठेवायचे, मग पुढचं साल धरायचं असेल तर कपाळाला कुंकू लावून हातात नारळ द्यायचे. नारळ घेतला की तोंडी करार झाला. आबाचं झालं. त्यानं पैसे घेतले, कुंकू लावून घेतलं, नारळ घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. का पाहावं? त्यालाही पोट होतं.

माझं नाव आलं.

"तू त्या दिन साल मोडं," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चोरीनी फेरी कई, गाडी शिवारमा सोडी. मोडेल सालना पगार नही रहास. हाई रीत शे, मी करेल नही."

"त्यानंतर आखाजीपर्यंत मी चालवली."

"चालवी. म्हनीसन तुले धान्य दिधं." त्यांनी कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं. "जायेल जाऊ दे. नवं साल धर. लायसन आठेच शे. संभायी ठेयेल शे."

मला त्या क्षणी काय काय सुचलं! सगळी पत्रकं, सगळ्या घोषणा, तुरुंगात पाठ केलेली भाषणं. आज तीच मी चौकाचौकात देतो आणि लोक ऐकतात. पण घरी केसर होती, तिची पोर होती, आणि केसरला दूध येत नव्हतं. खाण्यात काही नसेल तर येणार कुठून? सुईणीनं दोनदा सांगितलं होतं.

मी कपाळ पुढं केलं.

घरी आलो तेव्हा केसर पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"धरं का साल?"

"धरं."

"पैसा?"

मी नकाराची मान हलवली. बाहेर पोरी झोक्यावर गात होत्या. तिनं हात पुढं केला.

"नारय दे."

तिनं तो उंबऱ्यावर आपटून फोडला. पाणी वाटीत धरलं आणि घटाघटा प्यायली. मग खोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकला, मग दुसरा. कोणाला विचारलं नाही, देवापुढं ठेवला नाही. सगळा नारळ तिनं एकटीनं खाल्ला, पाठीमागची तपकिरी सालसुद्धा नखानं खरवडत, आणि मग पदर सावरून पोरीला छातीशी धरलं.